मैफलीतलं रेखाटन दर वेळी ताठ येतं: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

तक्रार साधारण एकच असते. तंबोरा ओळखू येतो, तबला ओळखू येतो, गायकाचा कुर्ताही बरा जमलेला असतो, पण पान पाहून गाणं चालू आहे असं काही वाटत नाही. फोटोसाठी मांडी घालून बसवलेली माणसं वाटतात. पुढच्या मैफलीला नवी पेन्सिल येते, जागा जरा पुढची मिळते, आणि पान पुन्हा तसंच.

दोष हाताचा क्वचितच असतो. नजर हालचालीच्या मागे धावते, तिथे बिघडतं. गायकाचा हात वर गेला म्हणून तो काढायला घ्यावा, तोवर तो खाली आलेला असतो. मग अर्धा हात समोरून आणि अर्धा आठवणीतून पुरा होतो. आठवणीतला हात कुणाचाही असतो. त्या गायकाचा, त्या स्वरावरचा नसतो. असे आठ-दहा तुकडे जोडले की आकृती ताठ होणारच.

खालचा सगळा विचार हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीचा आहे: ख्याल, साथीला तबला आणि पेटी, मागे दोन तंबोरे, किंवा सतारीसारखं एकल वादन.

"काढायला घेतो तोवर मुद्रा बदलते"

बदलते, पण परतही येते. ही गोष्ट पक्की कळली की निम्मं काम झालं. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या सुरुवातीचे शब्द, प्रत्येक आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, शेवटी येतो, आणि त्याच्यासोबत गायकाचं शरीरही जवळपास त्याच वळणाने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतं. कुणाचा उजवा हात मांडीवर उतरतो, कुणी मान डावीकडे झुकवून तबलजीकडे पाहतं, कुणाचे खांदे मुखड्याला उचलले जातात आणि समेला सैल सुटतात. पहिल्या तीन-चार आवर्तनांत पेन्सिल टेकवू नका. समेवर काय परत येतंय तेवढंच पाहा.

वेळेचा हिशोब आधीच माहीत असावा. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एक मात्रा (तालाचा एक ठोका) चार-पाच सेकंदांची धरली, तर 12 मात्रांचं आवर्तन 48 ते 60 सेकंदांचं होतं. म्हणजे साधारण मिनिटाला एकदा तीच मुद्रा समोर येते, काही सेकंद टिकते आणि जाते. मध्यलयीच्या तीनतालात मिनिटाला 120 मात्रा असतील तर 16 मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांत संपतं. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तेच तीन-चार सेकंदांवर येतं.

सम येतेय हे मात्रा न मोजताही कळू शकतं. विलंबित एकतालाच्या ठेक्यात, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या ठरलेल्या बोलांत, 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि नवव्या-दहाव्या मात्रेवर. दुसरं 'तिरकिट' 'क त्ता'च्या पाठोपाठ येतं. ते ऐकू आलं की समेला दोन मात्रा राहिल्या, म्हणजे आठ-दहा सेकंद. पेन्सिल तेव्हा पानावर योग्य जागी येऊन थांबलेली हवी. तीनतालात खूण वेगळी: दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा (जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचा) घुमारा थांबतो आणि चौदाव्याला परत येतो. घुमारा परतला की सम जवळ आली. सतारीच्या मसीतखानी गतीचा (संथ लयीतल्या ठरावीक बांधणीच्या रचनेचा) मुखडा बाराव्या मात्रेपासून उचलतात, तेव्हा तिथे वादक समेआधी पाच मात्रा खूण देतो. ताल ओळखता येत नसेल तर घरी ठेक्याची ध्वनिफीत लावून आठवडाभर नुसतं ऐका. चित्रकाराने तालाकडे कान द्यायचे ते इतक्या साध्या कामासाठी.

आता कृती. ए-5 आकाराच्या स्केचबुकची दोन समोरासमोरची पानं उघडी ठेवा आणि त्यांवर एका आकृतीऐवजी चार सुरू करा. पहिली समेची मुद्रा. दुसरी आलापातली, बहुधा डोळे मिटलेली आणि हात उघडा. तिसरी तानेतली. चौथी गायक थांबून पेटीचं उत्तर ऐकतो तेव्हाची. ही नेहमी विसरली जाते आणि बहुतेकदा तीच सगळ्यांत छान उतरते, कारण ती जास्त वेळ टिकते. गायक ज्या मुद्रेत असेल त्या आकृतीत दोन रेषा घाला. मुद्रा मोडली की ती आकृती तिथेच सोडा आणि जी समोर आली तिच्याकडे वळा. आठवणीतून पूर्ण करायचा मोह टाळायचा. अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालात चारांपैकी दोन तरी पुऱ्या होतात. दोन तशाच राहिल्या तर राहू द्या.

तीन-चार आवर्तनं पाहूनही काहीच परत येत नसेल, तर तो गायक हालचाल कमी करणारा आहे. तिथे चारऐवजी दोन आकृत्या घ्या आणि मानेच्या कोनावर लक्ष ठेवा. हालचाल तिथे असते.

"आकृती बसलेली दिसते, गाताना दिसत नाही"

बाह्यरेषेपासून सुरुवात केली की असं होतं. डोक्याच्या गोलापासून खांदा, खांद्यापासून कोपर असं खाली उतरत गेलात, की गुडघ्यापर्यंत पोचेतो कलच उरत नाही.

आधी पाच रेषा मारा, आणि त्या एका समेत. टाळूपासून बैठकीपर्यंत पाठीच्या कण्याचा बाक, खांद्यांची रेषा, दोन गुडघे जोडणारी रेषा, वाद्याचा आस आणि चेहऱ्याचा मधला आस. यांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो खांद्यांच्या आणि गुडघ्यांच्या रेषांमधला कोन. नवशिक्याच्या पानावर त्या दोन्ही आडव्या आणि समांतर असतात. प्रत्यक्षात तंबोरा धरलेला खांदा वर असतो, पेटीवाल्याचा डावा खांदा भात्याकडे पुढे ओढलेला असतो, सतारीया वाद्यावर किंचित उजवीकडे झुकतो. हा कोन पाच-सात अंशांचाच असतो, म्हणून नजरेतून सुटतो. तो जरासा वाढवून काढला तरी चालतं. सपाट काढला तर मात्र पुढचं काहीही आकृतीला वाचवत नाही.

या पाच रेषा 2बी किंवा 4बी पेन्सिल आडवी धरून, अगदी हलक्या हाताने. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ पकडली की हालचाल बोटांतून होते आणि रेघ आखूड येते. मागून धरून कोपरातून हात फिरवा.

कुर्त्याच्या चुण्या कोपर, काख आणि गुडघा या तीन जागांहून निघतात. तेवढ्या दाखवा, बाकीच्या सोडा.

"तंबोरा नेहमी तोकडा पडतो"

पान संपतं म्हणून. डोकं मोठं काढलं, वर जागा उरली नाही, मग खुंट्या कशाबशा पानाच्या कडेला कोंबल्या. उपाय मापाचा आहे.

माणसाचं डोकं, टाळू ते हनुवटी, साधारण 23 सेंटिमीटर. मांडी घातलेला माणूस बैठकीपासून टाळूपर्यंत चार डोक्यांएवढा भरतो, आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर तीन ते साडेतीन डोकी. म्हणजे गायक जवळजवळ चौकोनात बसतो. उंच आयतात बसवला की तो खुर्चीवर असल्यासारखा वाटतो. पुरुषी गळ्याचा मोठा तंबोरा सुमारे पाच फुटांचा, म्हणजे साडेसहा डोकी. तो उभा धरलेला असला की खुंट्या गायकाच्या टाळूच्याही दोन-अडीच डोकी वर जातात. भोपळ्याची रुंदी पावणेदोन डोकी. स्त्रियांच्या पट्टीचा तंबोरा याहून लहान, तेव्हा आधी कोणता आहे ते पाहा.

सतार चार फुटांच्या आसपास, पाच डोकी. पेटीची लांबी अडीच डोकी. डग्ग्याचं तोंड वादकाच्या डोक्याच्या उंचीएवढं असतं आणि तबल्याचं तोंड त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. दोन्ही एकाच मापाचे काढायची चूक फार जण करतात.

म्हणून पानावर पहिली खूण डोक्याची करू नका. तंबोऱ्याचं वरचं टोक आणि भोपळ्याचा तळ या दोन खुणा आधी, मग त्यांच्यामध्ये गायक बसवा. डोकं पानावर दोन सेंटिमीटरचं ठेवलं तर तंबोरा 13 सेंटिमीटर होतो आणि ए-5च्या उभ्या पानात, 21 सेंटिमीटरमध्ये, सुखाने मावतो.

मागे दोन तंबोरे असतील तर त्यांच्या दांड्या वर एकमेकींपासून फाकतात किंवा जवळ येतात. हा कोन वरच्या रिकाम्या जागेचा आकार ठरवतो. दांड्या काढण्यापेक्षा त्यांच्यामधला रिकामा आकार काढा. दांड्या आपोआप बरोबर येतात. दांडीवरची नक्षी हे मिरजेच्या कारागिरांचं देखणं काम, पण दोन सेंटिमीटरच्या डोक्याशेजारी ते गिरवलं की सगळी नजर तिथेच जाते. भोपळ्याच्या वर जिथे दांडी जोडते तो गळा, घोडी (तारा ज्यावर टेकतात ती) आणि खुंट्या एवढ्या तीन जागा नीट आल्या की तंबोरा पुरा झाला.

"तबला वरून पाहिल्यासारखा दिसतो"

मंच तीन फुटांचा आणि तुम्ही खाली सतरंजीवर, म्हणजे तुमचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर. तुम्ही मंचाच्या पातळीच्याही खालून पाहत असता. तिथून पुडी (तबल्याचं वरचं कातडं) दिसते ती केवळ तबला चुंबळीवर किंचित पुढे कललेला असतो म्हणून, आणि तीही चपट्या, निमुळत्या लंबगोलासारखी. आपल्याला शाई (पुडीवरचा काळा भाग) गोल आहे हे माहीत असतं, म्हणून हात ती गोल काढतो. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा आणि लंबगोलाची उंची रुंदीच्या कितवा भाग आहे तेवढं मोजा. पहिल्या रांगेतून ती बहुधा पाचव्या भागाहूनही कमी भरते. सज्जातून पाहत असाल तर गोष्ट उलट. तिथे शाई दिसते, आणि मग लक्षात ठेवायचं की तबल्याची शाई मधोमध असते, डग्ग्याची मात्र एका बाजूला सरकलेली, कारण मनगट टेकायला मोकळी जागा लागते.

पेटीचं असंच. वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसला असेल तर पट्ट्या त्याच्या बाजूला असतात आणि आपल्याला दिसतो तो भाता. तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या चित्रात हमखास शिरतात. साथीला वादक गायकाकडे थोडा वळून बसतो, तेव्हा पट्ट्यांची एक तिरपी कड दिसते. ती एका पांढऱ्या पट्टीने दाखवा. पट्ट्या मोजून काढायच्या नाहीत.

पहिल्या रांगेतून आणखी एक फसगत होते. गुडघे पुढे आणि मोठे, धड आखूड, हनुवटीची खालची बाजू दिसते. हे खरं तसंच दिसतं, पण कागदावर विद्रूप वाटतं. पाचव्या-सहाव्या रांगेत बसलं की हा त्रास बराच ओसरतो. पुढची जागा रेखाटनाला चांगली असते हा समज सोडून दिलेला बरा.

"बोटं काढता काढता हात बिघडतो"

बोटं मोजू नका. प्रत्येक वाद्याला हाताची एक टेकण्याची जागा असते. ती सापडली की हात बसतो.

सतारीत उजवा अंगठा दांडी आणि भोपळ्याच्या सांध्यापाशी टेकलेला असतो आणि तिथून हलत नाही. नखी घातलेली तर्जनी तेवढी चालते. डावा अंगठा दांडीच्या मागे, तर्जनी आणि मध्यमा पडद्यांवर. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना तार बाजूला ओढली जाते आणि सगळा पंजा दांडीच्या कडेकडे सरकतो. तंबोऱ्यात अंगठा दांडीच्या कडेला टेकतो आणि छेडायला मध्यमा आणि तर्जनी दोनच लागतात, बाकी बोटं नुसती सैल. इथे पाचही बोटं ताणून काढली की तो गिटारवाला हात होतो.

तबल्याचा हात द्रुतात कुणालाच दिसत नाही. त्याची काढायची वेळ विलंबितात. ठेक्यात डग्गा गप्प असताना डावा हात पुडीवर निवांत असतो, तेव्हा मनगट आणि पंजाचा एकच ठोकळा काढा, बोटांमध्ये एखादीच फट. उजव्या हाताचं मनगट वर आणि खाली अशा दोन्ही जागी हलकं मारा आणि दोन्ही ठेवा. खोडायचं नाही. या दोन पुसट जागा मिळून गती दाखवतात. ठळक फक्त कोपर ते मनगट. सारंगी असेल तर डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्या: तारा नखांच्या मुळाशी, बाजूने दाबल्या जातात, वरून नव्हे. बोटांची पेरं तारांवर काढली तर सारंगी जाणणारा लगेच चूक ओळखतो.

"चेहरा त्यांच्यासारखा होत नाही"

गाताना चेहऱ्याचं माप बदलतं, हे मुख्य कारण. 'आ' लावताना जबडा खाली जातो आणि नाकाखालचा भाग लांबतो. नवशिका मिटलेल्या तोंडाचा चेहरा काढतो आणि त्यावर एक काळा गोल ठेवतो. त्याने माणूस दचकल्यासारखा दिसतो. आधी हनुवटी खाली न्या, गाल आत घ्या, मग तोंडाची पोकळी. तीसुद्धा पूर्ण काळी न भरता वरच्या ओठाखाली गडद आणि खाली फिकी.

मंचावरचा दिवा वरून येतो. त्यामुळे भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली अशा तीन सावल्या पडतात. दोन सेंटिमीटरच्या डोक्यात डोळे, पापण्या, ओठ वेगळे काढायला जागाच नसते. या तीन सावल्या आणि केसांची कड जागच्या जागी आली तर माणूस ओळखू येतो. साम्य पुष्कळदा चेहऱ्यात नसतंच, मानेच्या लकबीत असतं. पंडित भीमसेन जोशी मागच्या रांगेतूनही ओळखू यायचे ते अंगभर गाण्यामुळे.

मायक्रोफोन तोंड झाकत असेल तर जागा बदला, मधोमध बसण्याऐवजी थोडं बाजूला. मायक्रोफोनचा उभा दांडा मात्र जरूर काढा. सगळे कोन मोजायला पानावर ती एक खरी उभी रेषा मिळते.

पुण्यात 1953 पासून होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात लांबून मोठ्या पडद्यावर पाहून काढायचा मोह होतो. कॅमेरा मध्येच कोन बदलतो, आणि एकाच आकृतीत दोन कोन मिसळतात. लांब असाल तर चेहरा सोडा आणि मंचावरचा सगळा समूह घ्या: बहुधा आपल्या डावीकडे तबला, उजवीकडे पेटी, मध्ये गायक, मागे तंबोरे.

अंधार, आवाज आणि डाग

मंच उजळ आणि मांडीवरचं पान अंधारात, त्यामुळे नजर वर-खाली करताना दर वेळी दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. मोबाइलचा दिवा लावू नका. शेजाऱ्यांना त्रास होतो आणि तुमचे डोळेही पुन्हा दिपतात. पानाकडे कमी पाहायची सवय करा. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेला आकृतीच्या डोक्याच्या पातळीवर ठेवला की नजर न वळवता परत यायला जागा सापडते. कागद पांढरा घ्या. करड्या किंवा तपकिरी कागदावर अंधारात रेघ हरवते.

फार गुळगुळीत कागदावर 6बी घसरतं आणि पुसलं जातं, कारण मऊ पेन्सिलीत ग्राफाइट जास्त, माती कमी, आणि ते धरून ठेवायला कागदाला खरखर लागते. 120 ते 150 ग्रॅमचा कार्ट्रिज कागद पुरतो. एच वर्गाची पेन्सिल आणूच नका: अंधारात दिसत नाही, आणि आलापाच्या शांततेत तिची खरखर दोन रांगा ऐकतात. तारेच्या बांधणीचं स्केचबुकही पान उलटताना वाजतं. शिवलेलं घ्या, आणि पान टाळ्यांच्या वेळी उलटा. पेन्सिली घरूनच कटरने तासून न्या, सेंटिमीटरभर शिसं उघडं, 2बीच्या दोन आणि 6बीची एक. खोडरबर पिशवीत राहू द्या.

सुरुवातीला तंबोरे लावणं आणि तबल्यावर हातोडी चालू असते, ती दहा मिनिटं गायकावर खर्च करू नका. त्या वेळी सगळे वाद्यावर वाकलेले असतात आणि ती मुद्रा पुढे येत नाही. वाद्यं, मायक्रोफोन, मंचाची कड यांच्या जागा आणि मापं तेवढ्यात मारून ठेवा.

उजव्या हाताने काढणाऱ्याने पान डावीकडून भरत यावं आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. घरी आल्यावर फिक्सेटिव्ह (रेषा पुसू नयेत म्हणून मारायचा फवारा) उघड्या हवेत, साधारण 30 सेंटिमीटरवरून, दोन पातळ थर. पहिला वाळल्यावर दुसरा. एकच जाड थर दिला तर कागदावर ओले ठिपके पडतात आणि पुसट रेषा गडद होऊन बसतात. फिक्सेटिव्ह नसेल तर दोन पानांमध्ये बटर पेपर ठेवून वही घट्ट बांधा, म्हणजे पानं एकमेकांवर घासत नाहीत. चुकीच्या वाटणाऱ्या रेषा घरी येऊन दुरुस्त करू नका. समेवर काढलेली रेघ आणि टेबलावर काढलेली रेघ शेजारी ठेवली की दुसरी लगेच वेगळी पडते.